‘आम्ही सर्व रहिवासी’ म्हणजे नक्की कोण?

पत्राचा सारांश

शहराच्या जुन्या भागात जन्मलेल्या, आता साठीला आलेल्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्यांची गल्ली शंभराहून अधिक वर्षांची. दोन-तीन मजली घरं एकमेकांना खेटून उभी, लाकडी जिने, कमानदार खिडक्या. गल्लीच्या तोंडाशी एक मोठं जुनं घर आहे आणि त्यामागे बंद पडलेली वखार. घराची मालकीण ताईंची शाळेपासूनची मैत्रीण. तिने ही जागा एका बिल्डरला द्यायचं ठरवलं आहे. तिथे नऊ मजली इमारत होणार, ६४ फ्लॅट निघणार आणि खालचे दोन मजले पार्किंगला जाणार, असं ताईंच्या कानावर आलं आहे. रहिवासी समितीने विरोधाचा ठराव केला. ताई समितीच्या चिटणीस, त्यामुळे हरकतीचा अर्ज त्यांनीच लिहायचा. मैत्रिणीने बोलणं टाकलं आहे. त्यातच दीड तासाच्या अंतरावर भाड्याने राहणारा मुलगा परवा म्हणाला, ‘आई, इथे नवी घरं नकोत म्हणतेस, मग आम्ही राहायचं कुठे?’ हरकत द्यायला १९ दिवस उरले आहेत. ताई विचारतात, गल्ली वाचवू की मैत्री? आणि मी करतेय ते बरोबर आहे ना?

उत्तर

ताई,

तुमच्या घराच्या जिन्याबद्दल तुम्ही लिहिलंय की पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि वीज गेली तरी पाय बरोबर त्या खोलग्यातच पडतो. ते वाचून मी थोडा वेळ थांबले. असा जिना नव्याने बांधता येत नाही. शंभर वर्षं माणसांनी चढ-उतार करावी तेव्हा तो होतो. म्हणून आधी हे सांगते की तुम्हाला वाटणारी तगमग खरी आहे. ‘जुन्याला कवटाळून बसल्यात’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९१० साली उघडलं. दगडी खांबांची ती भव्य वास्तू १९६३ साली पाडायला घेतली, तेव्हा विरोध करणाऱ्यांचं कुणी ऐकलं नाही. दोनच वर्षांत, १९६५ साली, त्याच शहराने वारसा वास्तू जपण्याचा कायदा केला. स्टेशन मात्र गेलं ते गेलं. वेळेवर ‘थांबा’ म्हणणारी माणसं शहराला लागतात.

पण तुम्ही मला ‘बरोबर आहे ना?’ असं विचारलंय, म्हणून पत्रातलं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवते. समोरच्या घराच्या कमानीवर तुम्ही जवळजवळ पानभर लिहिलंय. वखारीच्या मागच्या खोल्यांत तीन भाडेकरू कुटुंबं राहतात, त्यांच्या वाट्याला अर्धी ओळ आली आहे: ‘मागचे भाडेकरू काय, कुठेही जातील.’ तुम्ही कठोर मनाच्या नाही, हे बाकीच्या पत्रावरून कळतंच. ही ओळ नकळत लिहिली गेली असणार, आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे. गल्ली वाचवायची असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे नक्की काय असतं? भिंती, माणसं, की आपल्या खिडकीतून येणारं दुपारचं ऊन? तिन्ही रास्त आहेत, पण प्रत्येकासाठीची लढाई वेगळी असते. एकाच अर्जात तिन्ही कोंबली की एकही धड मांडता येत नाही.

समितीच्या ठरावामागे एक समजूत दिसते की आपण ‘नको’ म्हटलं की गल्ली आहे तशी राहील. मीही कधीकाळी हेच धरून चालले होते. माझ्या आधीच्या घराशेजारच्या एका जुन्या घराच्या पुनर्विकासाविरुद्ध मी सही केली होती. प्रस्ताव बारगळला, आम्ही खूश झालो. मालक कुलूप लावून निघून गेले. मग पहिल्या वर्षी पन्हळ तुंबली, दुसऱ्या वर्षी भिंतीला ओल धरली. जुन्या घरात लाकडी तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं आणि ओल नेमकी तिथे पोचते. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, पण भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं. मधल्या काळात कुणीतरी भेगा बुजवायला चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला. त्यामुळे आतली ओल आतच कोंडली. सहाव्या वर्षी घर धोकादायक ठरलं आणि पाडलं. आम्ही वाचवलेलं घर आमच्या डोळ्यांदेखत गेलं, आणि त्या सहा वर्षांत आमच्यापैकी एकानेही मालकांना विचारलं नाही की दुरुस्तीला किती खर्च येईल आणि तो करणार कोण.

म्हणून मैत्रिणीच्या निर्णयाला ‘फितुरी’ म्हणू नका, ताई. समितीच्या बैठकीत हा शब्द वापरला गेला, असं तुम्हीच लिहिलंय. जुनं घर बघायला गल्लीचं असतं आणि सांभाळायला एकाचंच असतं. छप्पर, तुळया, वाळवी, पडका सज्जा, सगळं तिच्याच डोक्यावर. ज्या शहरांनी वारसा खरोखर टिकवला, त्यांनी मालकाच्या हातात काहीतरी दिलं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायला शहराने नकार दिला तेव्हा मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. मात्र तिथे न वापरलेला बांधकामाचा हक्क आसपासच्या दुसऱ्या जागेवर वापरण्याची मुभा मालकाला होती, आणि निकालात या गोष्टीचीही दखल घेतली गेली. आपल्याकडे टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणतात तो हाच प्रकार. तुमच्या शहरात अशी सोय आहे का, दुरुस्तीला अनुदान मिळतं का, करात सूट आहे का, हे समितीने तपासलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. निव्वळ मनाई मागणं म्हणजे तिच्या छपराचं ओझं तिच्याच डोक्यावर ठेवून खाली उभं राहून ‘किती सुंदर!’ म्हणणं.

आता भिंती आणि माणसांबद्दल. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये भाजीचा मोठा घाऊक बाजार होता. तो हलवून आजूबाजूचा बराच भाग पाडायचा आणि रुंद रस्ते, नव्या इमारती उभारायच्या, अशी योजना १९६८ साली आली. रहिवासी चिवटपणे लढले. १९७३ साली सुमारे २५० इमारतींना संरक्षण मिळालं आणि योजना मोडली. मोठाच विजय होता तो. पण पुढच्या वर्षी बाजार हलला, १९८० साली बाजाराची इमारत दुकानांसाठी पुन्हा उघडली, आणि हळूहळू तो भाग पर्यटकांचा झाला. मलेशियातल्या जॉर्ज टाउनमध्ये याच्याही उलट क्रम दिसतो. तिथल्या जुन्या दुकान-घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू जुन्या भाडेकायद्याच्या आधाराने टिकून होते. २००० साली तो आधार गेला आणि भाडी वाढून अनेकांना घरं सोडावी लागली. २००८ साली शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, घरं रंगवली गेली, कितीतरी घरांची हॉटेलं झाली. दोन्हीकडे भिंती राहिल्या. ज्यांच्या वावराने त्या भिंतींना अर्थ होता, त्यांच्यातले बरेचजण तिथे उरले नाहीत.

हे टाळता येतं, निदान बऱ्याच अंशी. इटलीतल्या बोलोन्या शहराने १९७३ साली जुन्या गावठाणाची दुरुस्ती हीच परवडणाऱ्या घरांची योजना मानली. दुरुस्तीच्या काळात राहणाऱ्यांची जवळपास तात्पुरती सोय करायची, घराची जुनी मांडणी राखून ते नीट करायचं आणि त्याच माणसांना परत आणायचं, असा तो विचार. मालकांना मदत दिली आणि त्या बदल्यात भाड्यावर मर्यादा घातली. सगळं ठरल्यासारखं झालं नाही, पण तुमच्या अर्धी ओळवाल्या भाडेकरूंना तिथे योजनेत पहिलं स्थान होतं.

मुलाच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘तो बोलला आणि मला घास गिळवेना.’ त्याचं उत्तर द्यायची घाई करू नका, पण तो प्रश्न बैठकीत घेऊन जा. कारण तुमच्या बैठकीला तो नसतो. त्या ६४ घरांत जे कुणी राहायला येतील, तेही नसतात. त्यांना अजून स्वतःलाच माहीत नाही की आपण इथे येणार आहोत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात संशोधकांनी बांधकाम परवानग्यांच्या जाहीर सुनावण्यांची इतिवृत्तं तपासली. बोलायला उभी राहणारी माणसं एकूण लोकसंख्येच्या मानाने वयस्क, स्वतःचं घर असलेली, त्या भागात बरीच वर्षं राहिलेली आणि जास्त करून पुरुष निघाली. त्यांच्यातले बहुतेक नव्या घरांच्या विरोधात होते. तुमच्या समितीतल्या अकरा जणांची यादी तुम्हीच पाठवली आहे. अकराही घरमालक आहेत. गल्लीत भाड्याने राहणारे किती असतील? खानावळीत काम करणारी मुलं, नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या त्या दोघी, ज्यांच्याबद्दल तुम्ही प्रेमाने लिहिलंय, त्यांच्यापैकी कुणाला बोलावलं होतं का?

मात्र ६४ फ्लॅट झाले म्हणजे तुमच्या मुलाला घर मिळेल, असंही मी म्हणणार नाही. जुन्या भागातले नवे फ्लॅट बहुधा त्याच्या आवाक्याबाहेरचेच असतील. पण जागा रिकामी पडून राहिली तर त्याला काय मिळणार? विचारायचा प्रश्न असा की, त्या ६४ मध्ये लहान घरं किती, भाड्याची किती, कमी उत्पन्नाच्या माणसाला परवडतील अशी किती. हे हरकतीत मागता येतं, आणि मागणाऱ्यांमध्ये जुन्या रहिवाशांचं नाव असेल तर त्याला वजन येतं.

इतकं सगळं म्हटल्यावर बिल्डरच्या आराखड्याबद्दलही स्पष्ट बोलते. तुम्ही सांगितला तसाच तो असेल, तर तो वाईट आहे. तो वाईट आहे तो नऊ मजल्यांपेक्षा खालच्या दोन मजल्यांमुळे. गल्लीत चालणाऱ्या माणसाला नववा मजला मान वर केल्याशिवाय दिसत नाही, तळमजल्याशी त्याचा रोज संबंध येतो. तुमच्या गल्लीत दर सात-आठ पावलांवर एक दार येतं, असं तुम्ही म्हणता. दार, पायरी, पायरीवर बसलेलं कुणीतरी. त्याजागी तीस पावलं लांब, जाळी लावलेली पार्किंगची भिंत आली तर त्या तुकड्यात संध्याकाळनंतर कुणी थांबणार नाही. मला निवडायला सांगितलं तर मी नवव्या मजल्याआधी तळमजल्यासाठी भांडेन. जुन्या भागाचं रूप बऱ्याचदा उंचीपेक्षा रुंदीने बिघडतं. चार अरुंद प्लॉट एकत्र करून एकच लांबच लांब इमारत उभी राहते तेव्हा रस्त्याचा ठेका तुटतो. उंचीचा मुद्दाही सोडू नका. क्योटो शहराने २००७ साली मध्यवस्तीतली कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली. नियम बदलता येतात, खालीही आणता येतात.

मग तुम्ही काय करावं? माझं मत, ताई, सरसकट विरोधाचा अर्ज लिहू नका आणि राजीनामा देऊन बाजूलाही होऊ नका. आपला पर्याय घेऊन जाणारी हरकत लिहा. १९६१ साली न्यूयॉर्कच्या वेस्ट व्हिलेज भागावर पाडापाडीची योजना आली तेव्हा तिथे राहणाऱ्या जेन जेकब्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ती हाणून पाडली. नंतर त्याच शेजाऱ्यांनी स्वतःचा आराखडा मांडला. पाच मजली साध्या इमारतींतली घरं, आणि तीही कुणालाही न हलवता मोकळ्या जागांवर बांधायची. ती घरं उभी राहायला दहाहून अधिक वर्षं गेली, तोवर खर्च वाढला आणि बांधकामात काटछाट झाली. तरी ४२० घरं झाली आणि मध्यम उत्पन्नाची माणसं तिथे राहायला आली. ॲमस्टरडॅमच्या न्यूमार्क्ट भागात मेट्रोसाठी घरं पाडली तेव्हा, १९७५ साली, रस्त्यावर दंगली झाल्या. मेट्रो थांबली नाही. पण वरून जाणारा मोठा रस्ता आणि ऑफिसांच्या इमारती रद्द झाल्या. जुन्या रस्त्यांची आखणी ठेवून तिथे पुन्हा घरं बांधली, आणि त्यांत कमी भाड्याची घरंही आली.

तुमच्या बाबतीत पर्याय समोरच दिसतो आहे. पुढचं घर राहू द्यायचं, दुरुस्त करायचं, आणि नवं बांधकाम मागे वखारीच्या जागेवर करायचं. गल्लीकडे कमी उंच, मागे जास्त. घरं कदाचित ६४ ऐवजी ४० होतील. मैत्रिणीला आणि बिल्डरला ते परवडेल का, हे एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाकडून आधी तपासून घ्या. परवडणारच नसेल तर त्याला पर्याय म्हणता येणार नाही. वाटाघाटीत कदाचित ‘दर्शनी भिंत तेवढी ठेवतो, मागे सगळं नवं’ असा तोडगा पुढे येईल. त्यावर लगेच हो म्हणू नका. मुखवट्यासारखी उभी राहिलेली भिंत काही वर्षांनी कुणालाच आवडत नाही.

सगळ्यात आधी नकाशे स्वतः जाऊन पाहा. तुम्ही अजून ते पाहिलेले नाहीत, ‘समितीतल्या एकांनी सांगितलं’ एवढ्यावर पत्र लिहिलंय. माहिती ऐकीव असेल तर सुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत अर्ज लुळा पडतो. मग टेप घेऊन गल्ली मोजा. रस्त्याची रुंदी, दोन्ही बाजूंच्या घरांची उंची, प्रत्येक घराची रस्त्याकडची रुंदी, दारांची संख्या. ‘गल्लीचं वैशिष्ट्य नष्ट होईल’ या वाक्यावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. ‘गल्लीतल्या २६ घरांपैकी एकाचीही रस्त्याकडची रुंदी अमुक मीटरपेक्षा जास्त नाही, प्रस्तावित इमारतीची त्याच्या चौपट आहे’ या वाक्यावर त्याला काहीतरी नोंदवावंच लागतं.

स्वित्झर्लंडमध्ये परवानगीचा अर्ज केला की नियोजित इमारतीची उंची आणि आकार दाखवणारे खांब प्रत्यक्ष जागेवर उभे करतात, म्हणजे शेजाऱ्यांना आभाळाचा किती तुकडा जाणार ते डोळ्यांनी दिसतं. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी मागणी करायला काय हरकत आहे? निदान सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठवर पडेल, याचा नकाशा मागा.

आणि पायाची खोदाई. हा मुद्दा तुम्ही पाठवलेल्या अर्जाच्या मसुद्यात नाहीच, खरा धोका मात्र इथेच आहे. जुन्या घरांचे पाये उथळ असतात. शेजारी खोल खड्डा झाला, त्यातलं पाणी उपसलं, की आजूबाजूची जमीन बसते आणि भिंतींना भेगा जातात. खोदाईआधी शेजारच्या प्रत्येक घराची फोटोंसकट तपासणी आणि तिची सही-शिक्क्याची प्रत तुमच्या हातात, ही अट घालून घ्या. तुमच्या माजघराच्या भिंतीत आधीच भेग आहे म्हणता, तर आजच तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. पुढे ‘ही भेग जुनीच होती’ असं कुणी म्हणालं, तर ती तारीख तुमच्या बाजूने बोलेल.

मागच्या तीन कुटुंबांकडे तुम्ही स्वतः जा. कामाच्या काळात ती कुठे राहणार, भाडं कोण देणार, परत येणार तर किती क्षेत्रफळात आणि कुठल्या कागदाच्या आधारावर, हे त्यांना माहीत आहे का ते विचारा. तोंडी आश्वासनावर घर सोडलेल्या माणसाच्या हातात नंतर काहीच नसतं. नोंदणी केलेला करार झाल्याशिवाय खोली रिकामी होऊ नये, ही मागणी समितीच्या अर्जात पहिल्या तीन मुद्द्यांत आली पाहिजे.

मैत्रिणीबद्दल शेवटी लिहितेय, पण तिच्याकडे सगळ्यांच्या आधी जा, समितीचा कागद न घेता. मन वळवायला जाऊ नका. छप्पर किती गळतं, दुरुस्तीचा अंदाज काढला होता का, पैसे कशासाठी हवेत, एकटीला त्या घरात भीती वाटते का, एवढंच विचारा. ती दार उघडणार नाही, अशी शक्यता आहे. मग चिठ्ठी टाका आणि चार दिवसांनी पुन्हा जा. ती मागचं बांधून पुढचं ठेवायला तयार झाली, तर तुमच्या अर्जाला मालकिणीचाच पाठिंबा मिळेल. नाही झाली, तरी अर्जात काय लिहिणार आहात ते तिला आधी तुमच्या तोंडून कळू द्या. सुनावणीच्या खोलीत तिने ते पहिल्यांदा ऐकू नये. आणि तिची-तुमची मैत्री समितीला ठाऊक असली तरी पुढच्या बैठकीत ती इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे उद्या दोन्ही बाजूंनी तुमच्यावर बोट उठणार नाही.

१९ दिवस कमी नाहीत. पहिला आठवडा भेटी आणि मोजणीत जाऊ द्या, मसुद्याला हात त्यानंतर लावा. तुम्ही पाठवलेला मसुदा ‘आम्ही सर्व रहिवासी’ असा सुरू होतो. त्यातला ‘सर्व’ काढा. त्याजागी आकडा लिहा, भाडेकरू किती आणि मालक किती ते वेगळं लिहा, आणि तो आकडा दारोदार जाऊन तुम्ही स्वतः मोजलेला असू द्या.